मास्तरांची एण्णी

ज्याला बीजगणित येतं त्याला जगातलं कुठलंही काम येतं, असं दत्तात्रेय मास्तरांचं ठाम मत होतं, आणि कोणी विचारलं नाही तरी ते सांगायची त्यांना सवय होती. तेहतीस वर्षं धारवाडच्या हायस्कुलात गणित शिकवून निवृत्त झाल्यावर सप्तापुरातल्या आपल्या घरात त्यांनी या मताचे प्रयोग सुरू केले. पहिला प्रयोग मिक्सरवर झाला. मिक्सर चालू झाला, नाही असं नाही, पण त्यानंतर चटणी भांड्यात न राहता छताकडे जाऊ लागली. दुसरा प्रयोग न्हाणीतल्या नळावर झाला आणि दोन दिवस शेजारच्या राधाक्कांकडून कळशीनं पाणी आणावं लागलं. मग रुक्मिणीबाईंनी घरातले सगळे पाने आणि पकडी एका पिशवीत भरल्या, पिशवी कोठीत तांदळाच्या डब्यामागं ढकलली आणि नवऱ्याला बजावलं, की यापुढं घरातल्या कुठल्याही यंत्राला हात लावायचा नाही. मास्तरांनी मान हलवली. मान हलवणं म्हणजे शब्द देणं नव्हे, असं त्यांचं मनातल्या मनात म्हणणं होतं.

खरा पेच मोटारसायकलचा होता. बावीस वर्षांची गाडी. मुलगी सायली पहिलीत गेली त्या वर्षी घेतलेली. आता सायली पुण्यात नोकरी करत होती, आणि गाडी तिथंच, अंगणातल्या लिंबाखाली उभी होती. मास्तर तिच्यावरून शाळेत गेले, पेपर तपासायला गेले, सासूबाई आजारी होत्या तेव्हा भर पावसात बायकोला घेऊन रात्रीतून अळणावरला गेले. मागच्या सीटवर रुक्मिणीबाईंच्या बावीस वर्षांचा खळगा पडला होता. मास्तरांचा या गाडीवर जीव होता. हे त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही, पण रोज सकाळी देवाआधी ते गाडी पुसत, त्यावरून ज्याला समजायचं त्याला समजत होतं.

हीच गाडी गेल्या आठवड्यात उणकल तळ्याजवळ भर रस्त्यात बसली. रुक्मिणीबाई लग्नाला निघाल्या होत्या. अंगावर इरकल, डोक्यात मोगरा, हातात आहेराचं पितळी पातेलं. तसंच त्यांना दीड किलोमीटर चालावं लागलं, आणि मागून मास्तर गाडी ढकलत आले. मांडवाच्या दारात कोणीतरी त्या पातेल्याकडं बघून वाढप्यांनी मागच्या दारानं यावं असं सांगितलं. घरी आल्यावर रुक्मिणीबाईंनी मास्तरांच्या भाच्याला फोन लावला. हा भाचा गुरुराज हुबळीत राहायचा आणि त्याला जुन्या गाड्यांचा नाद होता. रविवारी संध्याकाळी येऊन गाडी घेऊन जातो, असं तो म्हणाला.

त्यानंतर दोन दिवस मास्तर ताटावर भाकरी मोडून नुसते बसायचे. तिसऱ्या दिवशी रुक्मिणीबाईंना राहवेना.

"हे बघा," त्या म्हणाल्या, "रविवारी मला अळणावरला माहेरी, अंबूताईकडं न्या आणि परत आणा. वाटेत गाडीपायी मला एकदा जरी खाली उतरावं लागलं, तर गुरुराज गाडी नेईल. नाही उतरावं लागलं तर राहू दे. आणि तुम्ही हात लावायचा नाही. मारुतीकडून काय ते करून घ्या."

आणि त्या गुरुराजच्या बायकोच्या डोहाळजेवणासाठी शुक्रवारी हुबळीला गेल्या, शनिवारी संध्याकाळी येते म्हणून.

मारुतीचं गॅरेज कमरीपेठेत. मारुती मास्तरांचाच विद्यार्थी. नववीला मास्तरांनी त्याला गणितात दोनदा नापास केलं होतं, कारण त्याची उत्तरं बरोबर असायची पण रीत नसायची. उत्तर कुठून आलं विचारलं की तो खिडकीबाहेर बघायचा. तिसऱ्या वेळी शाळा सोडून त्यानं गॅरेज टाकलं आणि तेव्हापासून मास्तरांची गाडी तोच बघत आला. शनिवारी सकाळी मास्तरांनी त्याला फोन केला तर तो सहकुटुंब सौंदत्तीला, यल्लम्माच्या दर्शनाला. सोमवारी येतो म्हणाला. त्यांनी फोन गाडीजवळ धरून इंजिन चालू केलं. मारुतीनं सौंदत्तीहून आवाज ऐकला आणि सांगितलं, की गाडीला काही झालेलं नाही. ऑइलचं डांबर झालंय आणि फिल्टर चोंदलाय. दोन्ही बदला, गाडी अळणावर काय, गोव्याला जाईल.

दुसऱ्या गॅरेजात जाणं मास्तरांना मंजूर नव्हतं. तिथली पोरं गाडीला हात लावायच्या आधी मोबाईल बघतात, असं त्यांनी एकदा पाहिलं होतं. मग उरलं कोण? मास्तरांनी कोठीकडं बघितलं. तांदळाचा डबा सरकवायला त्यांना अर्धं मिनिट पुरलं.

आता इथं एका शब्दाबद्दल सांगायला हवं. आपल्याकडं कानडीत एण्णी म्हणजे तेल. डोक्याला लावायचं, दिव्यात घालायचं, कढईत तापवायचं, ती सगळी एण्णी. इंजिनात घालतात तीही एण्णीच, टाकीतल्या पेट्रोललाही कोणी कोणी एण्णीच म्हणतं. पण गेल्या काही वर्षांत हा शब्द बिघडला. आता हुबळी-धारवाडात कोणी 'संध्याकाळी एण्णी हाकूया', म्हणजे घालूया, असं म्हटलं, तर ते दिव्यात घालायला निघालेले नसतात. बाटली कुठली आणि बरोबर खायला काय, इतकंच ठरायचं राहिलेलं असतं. ही गोष्ट गावात सगळ्यांना माहीत होती, कॉलेजातल्या पोरांना, रिक्षावाल्यांना, राधाक्कांनाही. माहीत नव्हती ती एकट्या दत्तात्रेय मास्तरांना. त्यांच्याशी असल्या विषयावर बोलायला आजवर कोणी धजलंच नव्हतं.

मास्तरांनी दुकानातून एक लीटर ऑइल आणि फिल्टर आणला, गाडी परसात नेऊन मधल्या स्टँडवर चढवली आणि जुनं ऑइल धरायला भांडं शोधलं. बादली उंच होती, तांब्या लहान होता. फळीवर एक पसरट, ऐसपैस परात दिसली. तिचा व्यास आणि खोली बघून मास्तरांनी मनातल्या मनात घनफळ काढलं. उत्तर समाधानकारक आलं. ही परात कसली, हे त्यांनी स्वतःला विचारलं नाही.

मग मारुतीला फोन लावून तो धुण्याच्या दगडावर ठेवला आणि स्पीकर चालू केला, कारण हात काळे होणार होते आणि मास्तरांचा डावा कान जरा मंद होता. आवाज पूर्ण मोठा ठेवला. परसाची भिंत कमरेएवढी, आणि भिंतीपलीकडं राधाक्कांचं परस. राधाक्का त्या वेळी कुरडया वाळत घालत होत्या.

पहिला तिढा बोल्टाचा. खालचा बोल्ट सोडायला पाना 'यडक्क', म्हणजे डावीकडं फिरवा, असं मारुती म्हणाला. मास्तर गाडीखाली उताणे झोपले होते. डावीकडं म्हणजे कुणाच्या डावीकडं, हा प्रश्न त्यांनी उपस्थित केला. वरून बघणाऱ्याच्या, खालून बघणाऱ्याच्या, की गाडीच्या स्वतःच्या? मारुतीनं पुन्हा 'यडक्क' एवढंच सांगितलं. नववीच्या वर्गातल्यासारखंच, उत्तर बरोबर, रीत नाही. शेवटी मास्तर बाहेर आले, खडू शोधला, भिंतीवर आकृती काढली, बाण दाखवले, पुन्हा आत गेले आणि बोल्ट सोडला. काळं ऑइल भळभळा परातीत पडू लागलं.

"सर, हळे एण्णी पूर्ती होरग बर्ली," फोनमधून मारुतीचा आवाज घुमला. "ओंदु हनी उळीबारदु."

जुनी सगळी बाहेर येऊ द्या, एक थेंब राहता कामा नये. राधाक्कांच्या हातातली कुरडई तिथंच थांबली. मास्तर? आणि जुनी बाहेर काढतायत, म्हणजे काल रात्रीचीच असणार! त्यांनी कान दिला. पलीकडून मास्तर सांगत होते, की फार काळी निघाली, वासही वाईट येतोय. मारुती त्यांना धीर देत होता, की सगळ्यांची अशीच निघते सर, आता तुम्हाला हलकं वाटेल बघा.

मध्येच फिल्टर हा शब्द आला तेव्हा राधाक्कांना जरा बरं वाटलं. कॉफी करून घेतायत बिचारे, उतारा म्हणून, असं त्यांना वाटलं. पण दहा मिनिटांनी फिल्टर नीट बसला, खालचा बोल्ट आवळला, आणि पुन्हा मारुतीचा आवाज आला. आता नवी एण्णी घाला. एकदम घालू नका, थोडी घाला, पाच मिनिटं थांबा, खाली बसू द्या, मग पुन्हा थोडी. नऊशे झाली की थांबायचं. पूर्ण लीटर सोसत नाही, मग धूर निघतो.

मास्तर म्हणाले, की खरं म्हणजे तीन महिन्यांपूर्वीच घालायला हवी होती, घरच्यांच्या भीतीनं उशीर झाला. पण यापुढं दर दोन महिन्यांनी नेमानं घालणार, मग घरच्यांना काय वाटायचं ते वाटो.

राधाक्का कुरडया तशाच टाकून आत गेल्या आणि रुक्मिणीबाईंना फोन लावला.

त्या आत फोनवर असताना त्यांचे यजमान सतीशराव परसात आले. सतीशराव पोस्टातून निवृत्त झालेले. चार वर्षांपूर्वी राधाक्कांनी त्यांना देवासमोर उभं करून दारू सोडायची शपथ घ्यायला लावली होती, आणि ती त्यांनी पाळली होती; पण पाळणं वेगळं आणि विसरणं वेगळं. 'नऊशे' हा आकडा त्यांनी न्हाणीतून ऐकला होता. त्यांनी एक काचेचा ग्लास उचलला, खाऱ्या शेंगदाण्यांची पुडी खिशात टाकली आणि भिंतीवरून हळूच मास्तरांकडं उतरले.

मास्तर मापाच्या भांड्यानं शेवटचं ऑइल घालत होते. बाटलीत थोडंसं राहिलं होतं. उन्हात ते अगदी मधासारखं दिसत होतं.

"मास्तर," सतीशराव खालच्या आवाजात म्हणाले, "उरली असली तर मला थोडी द्याल?"

"शंभर उरली आहे. बरोबर शंभर. कशाला हवी?"

"चार वर्षं कोरडं आहे हो."

मास्तरांना लगेच समजलं. सतीशरावांच्या फाटकाची कुरकूर सगळ्या गल्लीला पाठ होती. ते म्हणाले, की कोरडं राहिलं की गंजणारच, वेळच्या वेळी दोन थेंब सोडत जावेत. सतीशराव म्हणाले, दोन थेंबांनी आमचं काय होणार, चांगली चार बोटं घाला. मास्तरांनी सगळी बाटली ग्लासात रिकामी केली. हिला काही बोलू नका, असं सतीशराव म्हणाले, तेव्हा मास्तरांना नवल वाटलं. कुरकूर थांबली तर राधाक्कांना आनंदच होईल, असं त्यांनी सांगितलं. सतीशरावांनी त्यांच्याकडं अत्यंत आदरानं बघितलं. हा माणूस बायकांना ओळखत नाही, पण मनानं मोठा आहे, असं त्यांना वाटलं असावं.

सतीशराव भिंत ओलांडून आपल्या जास्वंदीमागं गेले. चार वर्षांच्या विरहानंतर चवीनं घोट घोट घेणं त्यांना शक्य नव्हतं. त्यांनी मोठा घोट भरला.

पुढचं मास्तरांनी पाहिलं नाही. गाडी सुरू करून आवाज ऐकण्यात ते दंग होते. जास्वंदीमागून मात्र बराच वेळ थुंकण्याचे आवाज येत होते. राधाक्का बाहेर आल्या तेव्हा नवरा हातात ग्लास घेऊन धोतराच्या सोग्यानं जीभ पुसत उभा होता. आता बिचाऱ्यानं काय सांगावं? गाडीचं ऑइल म्हणावं, तर ते ग्लासातून तोंडात कशासाठी नेलं, हा प्रश्न येणार. त्यापेक्षा अर्धं खरं सोपं.

"मास्तरांनी दिली," ते म्हणाले. "फार कडक आहे."

राधाक्कांनी रुक्मिणीबाईंना दुसरा फोन लावला.

रुक्मिणीबाई डोहाळजेवणातून तशाच उठल्या आणि मिळाली ती बस पकडून धारवाडला निघाल्या. पहिल्या फोनवर त्यांचा विश्वास बसला नव्हता. छत्तीस वर्षांत या माणसानं संध्याकाळी सहानंतर चहासुद्धा घेतला नव्हता, झोप जाते म्हणून. पण बस नवनगरच्या पुढं आली तसे त्यांना ते दोन दिवस आठवले. भाकरी मोडून नुसते बसलेले, कुणाशी न बोलणारे मास्तर. हे आपणच केलं, असं त्यांना वाटलं. एका जुन्या गाडीसाठी आपण अट घातली, आणि माणूस घरात एकटा राहिला तर त्यानं हे जवळ केलं. त्यांनी पदर तोंडाला लावला. शेजारच्या बाईनं त्यांना खिडकीची जागा दिली.

घरी आल्या तर मास्तर परसात धुण्याच्या दगडावर बसलेले. डोळे धुरानं लाल, सदऱ्याचं बटण तुटलेलं, केस विस्कटलेले, आणि चेहऱ्यावर असं समाधान, की रुक्मिणीबाईंच्या काळजाचं पाणी झालं. तासाभरात त्यांनी सहा वेळा गाडी चालू करून आवाज ऐकला होता. एकदा तर चांगली वीस मिनिटं. बायकोला बघताच त्यांनी पाना पाठीमागं लपवला.

"लपवू नका," रुक्मिणीबाई म्हणाल्या. "राधाक्कांनी फोन केला होता. सगळं कळलं मला."

मास्तरांची मान खाली गेली. "हात लावणार नाही म्हटलं होतं, लावला. चुकलं. पण मारुती गावात नव्हता. मग म्हटलं, घरीच करू."

"किती घातली?"

"नऊशे."

रुक्मिणीबाईंनी भिंतीचा आधार घेतला.

"तेवढी लागतेच," मास्तर समजावत म्हणाले. "उरली ती सतीशरावांना दिली. फार दिवस कोरडं होतं त्यांचं."

रुक्मिणीबाई रडू लागल्या. मास्तर गडबडले. मिक्सरच्या वेळी ही रागावली होती, नळाच्या वेळी दोन दिवस बोलली नव्हती, पण रडली कधी नव्हती.

"गाडी राहू दे," त्या हुंदके देत म्हणाल्या. "अट नको आणि अळणावर नको. गुरुराजला मी सांगते. उद्यापासून गाडीचं नाव काढणार नाही. पण पुन्हा पिऊ नका हो!"

पिऊ नका, हा शब्द मास्तरांच्या उजव्या कानात शिरला आणि तिथंच उभा राहिला. हळूहळू त्यांना सगळी पायरी न पायरी दिसू लागली. एण्णी. मारुतीचा मोठा आवाज. राधाक्कांच्या अर्ध्या राहिलेल्या कुरडया. सतीशरावांचा काचेचा ग्लास, आणि तो आदर!

आता कुणीही शहाणा माणूस काय करेल? तो मान खाली घालून, पुन्हा नाही म्हणून, हात धुवायला जाईल. गाडी वाचली होती. अळणावरची परीक्षा न देताच मास्तर पास झाले होते. त्यांनी गाडीकडं बघितलं, मागच्या सीटवरच्या खळग्याकडं बघितलं, आणि ते हात धुवायला उठलेसुद्धा. पण मग त्यांना मारुती आठवला. ज्या पोराला आपण दोनदा नापास केलं ते कशासाठी? उत्तर बरोबर होतं, पण रीत नव्हती, म्हणून. त्या पोरानं आज सौंदत्तीहून एकेक पायरी न चुकता सांगितली होती.

"रुक्मिणी," ते म्हणाले, "मी थेंबही प्यालेलो नाही. ती गाडीची एण्णी होती."

रुक्मिणीबाईंनी डोळे पुसले. नवऱ्याच्या काळ्या हातांकडं पाहिलं, तोंडाजवळ नाक नेऊन वास घेतला, रिकामी बाटली उचलून वाचली. मग त्या तिथंच दगडावर बसून हसायला लागल्या, आणि हसताना पुन्हा रडल्या. मास्तरही हसले. सगळं कसं छान जमून आलं होतं. तेवढ्यात रुक्मिणीबाईंची नजर गाडीखाली गेली.

"ती परात कुठली?"

मास्तरांनी घनफळ सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. ती रुक्मिणीबाईंच्या आईनं लग्नात दिलेली परात होती. छत्तीस वर्षं घरातल्या प्रत्येक सणाची होळीगेची कणीक, म्हणजे आपल्या पुरणपोळीची, त्या परातीत तिंबली गेली होती. आता ती परात काठोकाठ काळी होती.

"उद्या सकाळी सातला निघायचं," रुक्मिणीबाई उठत म्हणाल्या. "अळणावरला. अट तीच."

संध्याकाळी त्या राधाक्कांना खरं काय ते सांगायला गेल्या. राधाक्कांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि त्यांच्या हातावर हात ठेवला. आपल्या घरचं आपणच झाकायचं असतं, मीही चार वर्षांपूर्वी सगळ्यांना खोकल्याचं औषध आहे असंच सांगत होते, असं त्या म्हणाल्या. रुक्मिणीबाईंनी मदतीसाठी सतीशरावांकडं पाहिलं. सतीशराव तोंडात लवंग धरून छताकडं बघत होते.

रविवारी सात वाजता गाडी निघाली. आणि काय सांगावं! गाडी नुसती घरंगळत होती. खडखड नाही, धूर नाही, धाप नाही. नुग्गीकेरी गेलं, शेतं गेली, सागाची झाडं सुरू झाली. चढावर मास्तरांनी मुद्दाम मागं वळून विचारलं, काही आवाज येतोय का म्हणून. रुक्मिणीबाईंनी समोर बघा एवढंच सांगितलं, पण त्यांचा हात मास्तरांच्या खांद्यावर होता, आणि उणकलनंतर तो पहिल्यांदाच तिथं आला होता.

अंबूताईंनी होळीगे केले होते. मास्तरांनी पाच खाल्ले, वर तूप, आणि चारपर्यंत झोपले. निघताना रुक्मिणीबाईंनी पेट्रोलचं विचारलं. मास्तर हसले. अंतर, टाकीतलं पेट्रोल आणि गाडीची चाल यांचं त्रैराशिक त्यांनी शुक्रवारीच मांडलं होतं. घरी पोचून वर तीन किलोमीटर पुरेल इतकं राहत होतं. त्रैराशिक बरोबरच होतं. फक्त शनिवारी तासभर ऐकलेला इंजिनाचा मधुर आवाज त्यात धरलेला नव्हता, आणि अंबूताईंनी बांधून दिलेली तांदळाची गोणी आणि एक भलामोठा फणसही धरलेला नव्हता.

धारवाडात शिरताना पेट्रोल पंप दिसला तेव्हा मास्तरांच्या मनात जरा चलबिचल झाली. पण पंपावर पेट्रोल भरायचं तर मागच्या माणसाला खाली उतरावं लागतं. गाडीपायी खाली उतरावं लागलं तर, ही अट होती. मास्तरांनी पंपाकडं पाठ फिरवली आणि गाडी तशीच पुढं काढली.

गल्लीच्या तोंडाशी, घर समोर दिसत असताना, गाडीनं एक उचकी दिली. मग दुसरी. मग एकदम सगळं शांत झालं.

मास्तरांनी किक मारली. पुन्हा मारली. टाकीचं झाकण उघडून गाडी हलवून पाहिली. आत काहीच वाजलं नाही. समोर, वीस घरांवर, त्यांच्याच फाटकाशी गुरुराज उभा होता. मामी येताना दिसली म्हणून तो हसत पुढं येत होता, आणि किल्लीसाठी त्यानं हात पुढं केलेला होता. राधाक्का आणि सतीशराव कट्ट्यावर बसून बघत होते.

बावीस वर्षांची गाडी घरासमोर येऊन हरली होती, आणि दोष तिचा नव्हता.

"उतर," ते म्हणाले. "अट म्हणजे अट."

रुक्मिणीबाईंनी गुरुराजकडं बघितलं. मग मांडीवरचा फणस नीट सावरला आणि खळग्यात आणखी घट्ट बसल्या.

"मी का उतरू?" त्या म्हणाल्या. "गाडी नीट आहे की. पेट्रोल तुम्ही विसरलात, गाडी नाही विसरली. ढकला."

मास्तरांचे डोळे भरून आले; रीत त्यांना पटली होती. मग त्यांनी हँडल धरलं, खांदा लावला आणि ढकलायला सुरुवात केली. बायको, तांदूळ, फणस आणि गाडी, सगळं एकदम. गुरुराजनं पुढं केलेला हात हळूच खिशात घातला आणि तोही मागून लागला.

राधाक्कांच्या घरासमोर आल्यावर राधाक्का कट्ट्यावरून उठल्या. मास्तरांचा घामाघूम चेहरा आणि त्यांच्या पावलांची ओढाताण बघून त्यांनी हळहळत विचारलं, "याक्री, एनातु?" का हो, काय झालं?

मास्तरांनी सांगायला तोंड उघडलं, पण त्यांच्याआधी मागच्या सीटवरून खणखणीत आवाज आला.

"एण्णी मुगीत्री, अक्का!"

एण्णी संपली. राधाक्कांनी दोन्ही हात जोडून आभाळाकडं बघितलं, "छलो आत्री" म्हणाल्या, फार चांगलं झालं, आणि सतीशरावांना म्हणाल्या, बघा, माणसानं मनात आणलं तर एका दिवसात सुटते. सतीशरावांनी मान डोलावली आणि तोंड पुसलं.

मास्तरांना खूप काही सिद्ध करून दाखवायचं होतं. पण घरापर्यंत चढ होता आणि त्यांना दम लागला होता, म्हणून ते मुकाट्यानं ढकलत राहिले.